स्वयंपाक्याचं पत्र

मेजरांनी यादी दगडावर पसरली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून शेजारची छिन्नी उचलून तिच्यावर ठेवली. आपल्या हत्याराला कुणी न विचारता हात लावलेला ताईला मुळीच खपत नसे, पण आज तिचं तिकडे ध्यान नव्हतं. तिचं सगळं लक्ष कागदावर होतं. तिनं नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"बावीस आहेत," ती म्हणाली.

"बावीसच. तीन आठवड्यांनी रविवारी स्मरणाची उपासना. त्याच्या आदल्या दिवशी दगड चर्चच्या भिंतीवर चढला पाहिजे. जमेल ना?"

"आपल्या गावचे तेवीस जण लढाईत मारले गेले, मेजर."

मेजरांनी टोपी काढली, आतली पट्टी रुमालानं पुसली आणि परत घातली. "ही लढलेल्यांची यादी आहे, ताई. तुमच्या भावानं बंदूक हातात धरली नव्हती. बाकीचं मी उगाळत बसत नाही. तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे."

ते गेल्यावर तिनं यादीवरची छिन्नी उचलून जागेवर ठेवली.

तिला गावात सगळे ताईच म्हणत, वयानं मोठे असलेलेसुद्धा. दफनभूमीच्या वाटेवर तिची पत्र्याची शेड होती. थडग्यांवरची अक्षरं कोरायचं काम तिच्याकडे वडिलांकडून आलं होतं. 'आपलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही, म्हणून आपणच आपली चूक काढायची,' असं वडील म्हणायचे. वडील गेल्यावर ती आणि तिचा भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, दोघं मिळून काम बघायचे. दादा दगड आणायचा, घासायचा, बसवायचा. अक्षरं तिची.

मग स्वातंत्र्याची लढाई पेटली आणि घराघरातून माणसं बोलावली गेली. दादानं भरतीच्या अधिकाऱ्याला तोंडावर सांगितलं, "जखमींना उचलीन, म्हणाल तिथे जाईन. पण माणसावर नेम धरणार नाही. प्रभूला तसा शब्द दिलाय." अधिकारी हसला आणि त्यानं दादाच्या हातात स्ट्रेचर दिलं. दादाच्याच तुकडीत त्याचा लहानपणापासूनचा जिवलग होता, बेकरीवाल्या काकांचा एकुलता एक मुलगा. सकाळी सायकलवरून पाव विकायला निघाला की तो अशी काही आरोळी ठोकायचा की पाळण्यातली पोरं दचकायची. अख्खं गाव त्याला भोंगा म्हणायचं. त्याचे वडीलही.

देश स्वतंत्र झाला, त्याच्या दोन महिने आधी दोघं एकाच दुपारी गेले. आजचे मेजर तेव्हा त्यांचे कप्तान होते, त्यांनीच गावाला हकीकत सांगितली. दोन्ही बाजूंच्या खंदकांच्या मधल्या पट्टीत पलीकडचा एक जखमी सैनिक पडला होता. दादाला नाही ते सुचलं आणि तो शत्रूला उचलायला बाहेर पडला. त्याला मागे खेचून आणायला भोंगा धावला आणि मारला गेला. भोंग्याला पदक मिळालं. दादाच्या वाट्याला गावाची चुप्पी आली.

तेव्हापासून नऊ वर्षं बेकरीवाले काका ताईशी एक शब्द बोलले नव्हते. चर्चमध्ये ते पुढच्या बाकावर बसत आणि ती खांबाआड. तिथून तिला त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू दिसायची. सगळी मंडळी मिळून प्रार्थना म्हणत, तेव्हा अपराध्यांना क्षमा करायच्या ओळीला काकांचे ओठ मिटायचे. ओळ सरली की पुन्हा हलायला लागायचे. नऊ वर्षांत एकदाही चुकलं नाही.

खरं काय घडलं, ते ताईच्या कपाटात तीन पानांवर लिहिलेलं होतं.

लढाई संपल्यावर तिला पेन्सिलीनं लिहिलेलं एक पत्र आलं होतं, तुकडीच्या स्वयंपाक्याचं. त्यानं लिहिलं होतं: 'तो पलीकडचा पोरगा सकाळपासून आईला हाका मारत होता. भोंग्यानं कानात कापूस कोंबला. दुपारी म्हणाला, आता माझ्याच्यानं ऐकवत नाही. बंदूक भिंतीला टेकवली आणि वर चढला. तुमचा भाऊ ओरडला, अरे थांब, एकट्यानं नको, आणि स्ट्रेचर घेऊन मागे पळाला. दोघं पोचले. पोराला उचलून ठेवलं. वीसेक पावलं परत आलेसुद्धा. गोळ्या कुठल्या बाजूनं आल्या ते मी शपथेवर सांगू शकत नाही. तिघंही गेले. मी जेवणाचं भांडं हातात घेऊन उभा होतो. माझं नाव कुठे घेऊ नका. पण खरं तुम्हाला माहीत असावं.'

पत्र वाचल्यावर ती तशीच तडक बेकरीकडे गेली होती. काचेतून तिला काका दिसले. स्टुलावर चढून ते भोंग्याच्या फोटोवर पदक अडकवत होते. एकदा अडकवलं, खाली उतरून बघितलं, तिरकं वाटलं, परत चढले. ताई दारातूनच माघारी फिरली. ह्या माणसाजवळ आता दोनच गोष्टी उरल्यात, तिच्या मनात आलं, एक ते पदक आणि दुसरा दादावरचा राग. दोन्ही काढून घेतले तर तो उभा कशावर राहील? दादाला काय, तो प्रभूजवळ आहे. तिथे कोणी यादी बघून आत घेत नाही.

असं म्हणत म्हणत नऊ वर्षं गेली. आणि आता यादी आली होती.

पाळक गावात नवे होते, दोन वर्षंच झाली होती. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"मला विचाराल तर तुमच्या भावाचं नाव पहिलं असावं," ते म्हणाले. "पण दगड चर्चच्या मंडळीचा आहे. मेजर ऐकायचे नाहीत. मात्र बेकरीवाले काका स्वतः हो म्हणाले, तर मेजरांचं तोंड बंद होईल. त्यांचं मन वळेल असं काही आहे का तुमच्याजवळ?"

"नाही," ताई म्हणाली.

चर्चच्या आवारात आपण धडधडीत खोटं बोललो, हे तिला फाटक ओलांडल्यावर जाणवलं. ती घरी गेली, कपाट उघडलं, पत्र पर्समध्ये घातलं आणि बेकरीत गेली.

अकराचा सुमार होता. सकाळची गर्दी ओसरली होती. काका पोटापाशी पांढरं फडकं बांधून पीठ मळत होते. तिला बघून त्यांचे हात थांबले नाहीत.

"पाव संपलेत," ते म्हणाले. मागच्या फळीवर चांगले चाळीस-पन्नास पाव होते.

"पाव नकोत, काका. दगडाबद्दल बोलायचं होतं."

"त्यात बोलण्यासारखं काय आहे? माझ्या पोराचं नाव नीट कोर म्हणजे झालं."

"दादाचं नाव यादीत नाही."

पिठाचा गोळा फळीवर आपटला. "मग?"

"तुम्ही हो म्हणालात तर..." तिचा हात पर्सवर गेला. पर्सची चेन तिनं दोन बोटं उघडली. "काका, त्या दिवशी जे झालं, ते तुम्हाला ज्यांनी सांगितलं..."

"ते माझ्यासमोर काढू नकोस!" काका आता तिच्याकडे बघत होते. कपाळावरची शीर तटतटली होती. "नऊ वर्षं मी रोज पहाटे उठून भट्टी पेटवतो. कशाच्या जोरावर, माहीत आहे? माझा पोरगा दुसऱ्याला वाचवायला गेला. आपल्या माणसाला वाचवायला. तो मूर्खासारखा नाही गेला. माझ्या पोराला काही कळत होतं. तुझ्या भावाला कळत नव्हतं, त्याचं मोल मी भरलं. आता त्याचं नाव कोरायचं? आधी माझं कोर. मग वाट्टेल ते कर."

तिनं चेन बंद केली. आवाज तिला स्वतःला मोठा वाटला. "येते, काका," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिनं दगडावर आखणी सुरू केली.

काळा, दाट पोताचा दगड होता तो, उंचीनं तिच्या खांद्याइतका. वर क्रूस, त्याखाली एक ओळ, आणि खाली बावीस नावं, एकाखाली एक. दगडावर खोडरबर चालत नाही. पेन्सिलीची रेघ पुसता येते, पण छिन्नी एकदा बसली की बसली. दिवसाला दीड-दोन नावं व्हायची. त्यांतली बहुतेक माणसं तिनं पाहिलेली होती. एकानं तिच्याकडून उसनी नेलेली छत्री परत केली नव्हती, एकाचं लग्न ठरलं होतं. स्वातंत्र्य म्हणजे काय, असं तिला कोणी विचारलं असतं तर तिनं हातातल्या धुळीकडे बोट दाखवलं असतं.

भोंग्याच्या नावाशी आली तेव्हा तिनं हातोडी खाली ठेवली. प्रार्थना करायचा प्रयत्न केला. जमेना. 'प्रभू, मला राग आलाय,' एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिनं ते नाव कोरलं, आणि इतर कुठल्याही नावापेक्षा नीट कोरलं. त्यातही थोडा ताठा होता, हे तिला कळत होतं. बघा, मी कशी कोरते, असा. गप्प राहून आपण काकांना सांभाळतोय की स्वतःला मोठं करतोय, हे नऊ वर्षांत तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी विचारलं, आणि उत्तर काही तिला आवडलं नाही.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी शेडच्या दारात कोणीतरी उभं राहिलं. ताईनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. बेकरीवाल्या काकू होत्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

काकूंनी दगडाकडे बघितलं, मुलाचं नाव शोधलं, त्यावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली, ती त्यांनी पुसली नाही.

"त्या दिवशी तू बेकरीत आलीस," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी आतल्या दारामागे होते. तुझा हात सारखा पर्सवर जात होता. काय होतं त्यात?"

"काही नाही, काकू."

"खोटं बोलू नकोस. मला खोटं ओळखता येतं. मी स्वतः नऊ वर्षं बोलतेय." त्यांनी कमरेला खोचलेली छोटी पिशवी काढली. आत चौघडी घातलेला एक कागद होता, घड्यांवर फाटायला आलेला. "वाच."

भोंग्याचं पत्र होतं, मरणाच्या आठ दिवस आधीचं. अक्षर त्याच्या आवाजासारखंच, मोठं मोठं.

'आई, मधल्या पट्टीत जो पडतो तो ओरडत राहतो आणि कोणी जात नाही. परवा एक जण दिवसभर ओरडला. त्यांचा होता. मला वाटलं होतं, त्यांचं ओरडणं वेगळं असेल. नसतं. पुढच्या वेळी मी जाणार. दादाला सांगितलं. तो म्हणाला, एकट्यानं जायचं नाही, मला हाक मारायची. बाबांना ह्यातलं काही सांगू नकोस, ते चिडतील.'

ताईनं दोनदा वाचलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मेजर हकीकत सांगत होते तेव्हाच मला कळलं, की उलटं झालं असणार."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? लोक माझ्या दादाला काय काय म्हणाले, तुम्ही ऐकलंत. माझ्या शेजारी बाकावर कोणी बसेना, ते बघितलंत. तुम्ही तिथेच होता, काकू!"

"होते." काकूंनी मान खाली घातली नाही. "तुला खांबाआड बसलेली बघायची आणि तशीच वेदीपाशी जाऊन प्रभुभोजन घ्यायची. भाकर घशाखाली उतरायची नाही. पण सांगितलं असतं तर ह्यांचं काय झालं असतं? पोरगा गेला, तो त्यांच्या सैनिकासाठी गेला, हे ह्यांना पेललं असतं?"

ताईच्या हातात छिन्नी होती. ती केव्हा उचलली, तिला आठवेना. तिनं ती काळजीपूर्वक खाली ठेवली, पर्स उघडली आणि स्वयंपाक्याचं पत्र काकूंच्या हातात दिलं.

काकूंनी वाचलं. 'वीसेक पावलं परत आलेसुद्धा' इथे त्या थांबल्या आणि पुढचं वाचायला त्यांना बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी पत्राची घडी घातली.

"तूसुद्धा," काकू म्हणाल्या.

"मीसुद्धा."

"शनिवारी दुपारी भट्टी थंड असते," काकूंनी डोळे पुसले. "तेव्हा सांगते ह्यांना. हे पत्र माझ्याजवळ राहू दे."

शनिवारी दुपारी तीन वाजता दगड चर्चमध्ये जमिनीपासून चार फुटांवर लोंबकळत होता. गवंड्यानं तीन बल्ल्यांचं तिकाटणं उभं करून त्याला चेनपुली लावली होती. त्याची दोन माणसं साखळी ओढत होती. भिंतीत चार लोखंडी आकडे बसवून तयार होते. पाळक बाक सरकवत होते, मेजर हाताची घडी घालून देखरेख करत होते. ताईचा एक हात दगडाला होता, फिरू नये म्हणून.

बाजूचं दार धाडकन उघडलं. काका आत आले. अंगावर बेकरीचंच फडकं, कोपरापर्यंत पीठ. ते सरळ दगडाकडे चालत आले.

"ओ, बाजूला!" गवंडी ओरडला. "खालून जाऊ नका! तीनशे किलो आहे!"

काकांना ऐकू गेलं नसावं. ते दगडाच्या ऐन पुढ्यात येऊन थांबले. साखळी करकरली. ती सुटली असती तर काकांचे पाय राहिले नसते.

"काका, मागे व्हा," ती हळू म्हणाली. "जे बोलायचं ते मागे होऊन बोला."

"खरं आहे?" त्यांच्या मुठीत दोन्ही पत्रं होती. "हा स्वयंपाकी खरं बोलतोय?"

"मला खोटं वाटत नाही."

"नऊ वर्षं तुझ्याजवळ होतं?"

"हो."

"माझ्या तोंडावर का नाही फेकलंस?" त्यांचा आवाज छतापर्यंत गेला. "मी तुला येता-जाता टाळलं... मी तुझ्या भावाला काय काय बोललो! फेकायचंस ना!"

दारात काकू धापा टाकत येऊन उभ्या राहिल्या होत्या. गवंड्याच्या माणसांनी साखळी गच्च धरून ठेवली होती, त्यांच्या दंडांच्या शिरा फुगल्या होत्या. "साहेब, किती वेळ धरायचं?" त्यांतला एक पुटपुटला.

काका मेजरांकडे वळले. "तुम्ही तिथे होता. तुम्ही मला माझ्या घरात बसून सांगितलंत. माझ्या हातचा चहा पिऊन. आता देवाच्या घरात सांगा. आधी कोण गेलं?"

मेजरांचा हात टोपीकडे गेला. टोपी डोक्यावर नव्हती, चर्चमध्ये त्यांनी ती काढून ठेवली होती. हात तसाच खाली आला.

"तुमचा मुलगा," ते म्हणाले.

काकूंनी बाकाची पाठ धरली.

"जागा सोडून, बंदूक टाकून शत्रूसाठी बाहेर पडला, असं मी लिहिलं असतं तर ते शिस्तभंगात गेलं असतं. पदक सोडा, नावसुद्धा राहिलं नसतं. हिच्या भावाकडे बंदूक नव्हतीच. त्याला तो नियम लागत नव्हता. म्हणून मी ते त्याच्यावर टाकलं." "माझी एकवीस-बावीस वर्षांची पोरं रोज मरत होती. एकाचं तरी नाव स्वच्छ राहावं असं वाटलं. मेलेल्याला काय फरक पडतो, म्हटलं."

"मला पडला," ताई म्हणाली.

मेजरांनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा नजर खाली घेतली.

"दगड उतरवा," काका म्हणाले.

"उद्या उपासना आहे हो," गवंडी कळवळला. "सगळं तयार आहे."

"उतरवा म्हणतो ना!"

पाळकांनी गवंड्याला मान हलवून खूण केली. साखळी एकेक कडी सुटत गेली आणि दगड आधाराला ठेवलेल्या लाकडी घोड्यांवर आडवा झाला. त्या दोघा माणसांनी हात झटकले. काका दगडाशी आले. इतके दिवस ते नाव बघायला शेडमध्ये आले नव्हते. आत्ता बघत होते.

"दादाचं नाव घाल," ते म्हणाले.

"जागा नाही, काका." तिला रडू फुटेल असं वाटत होतं, पण आवाज कामातलाच निघाला. "सगळं मोजून आखलंय. खाली दोन बोटंसुद्धा उरली नाहीत."

"ह्याच्या ओळीत आहे की." भोंग्याच्या नावापुढे अर्धी ओळ मोकळी होती. तिथे काकांनी पिठाचा हात ठेवला. "इथे बसव. दोघं एकत्र गेले, एकत्र राहू देत."

तिनं हातानं अंतर मोजलं. बसत होतं, अगदी काठोकाठ. साडेतीन वाजून गेले होते. उजेड सहापर्यंत. हत्यारांची पेटी तिथेच होती.

एकदा सुरुवात केल्यावर तिला कोणाचं भान राहिलं नाही. घाईत कोरायचं नसतं, आणि घाईशिवाय इलाज नव्हता. छिन्नी जरा तिरकी लागली तर कपचा उडणार, आणि तो नेमका शेजारच्या नावाचा उडणार. पहिल्या चार अक्षरांनंतर तिचा खांदा भरून आला. पाळक मागच्या बाकावर गुडघे टेकून होते. मेजर गेले असतील असं तिला वाटलं होतं, पण मधे एकदा तिनं मान वर केली तेव्हा ते तिच्यासमोर उभे होते आणि खिडकीतून येणारं ऊन तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून हातात एक पुठ्ठा धरून होते. किती वेळ, कोण जाणे. तिनं आभार मानले नाहीत. त्यांनीही अपेक्षा केलेली दिसली नाही.

शेवटच्या अक्षराला छिन्नी जरा तिरकी लागली. टक्क असा भलताच आवाज आला. तिनं फुंकर मारली. अक्षराच्या टोकाशी गव्हाच्या दाण्याएवढी कपची उडाली होती, दादाच्याच अक्षराची.

"दुरुस्त होईल?" काकूंनी विचारलं.

"नाही. राहू दे," ती म्हणाली. "त्याला चालेल."

रविवारी सकाळी आठलाच गवंड्यानं दगड आकड्यांवर चढवला. दहा वाजता चर्च भरलं. ताई सवयीनं खांबाकडे वळली. काकूंनी तिचा दंड धरला आणि तिला पुढच्या बाकावर आपल्या नि काकांच्या मधे बसवलं. मागे कुजबूज उठली. लोकांचे डोळे दगडावर होते. भोंग्याच्या ओळीत दुसरं नाव कुणाचं, हे एव्हाना सगळ्यांनी वाचलं होतं.

पाळकांचा उपदेश लांबला नाही. "आपण मोकळे आहोत, ते कुणीतरी किंमत दिली म्हणून," ते म्हणाले. "प्रभूनं ती दिली, तेव्हा कोण आपला, कोण परका, हे विचारलं नाही. हे ऐकायला सोपं आहे. आपल्या गावातल्या दोन पोरांनी ते करून बघितलं. आणि ते करून बघितलेल्यांचं काय करायचं, हे आपल्याला नऊ वर्षं समजलं नाही. गेली दोन वर्षं मलाही." मग ते बाजूला झाले.

नावं दरवर्षी मेजर वाचत. आजही तेच उठले. एक नाव, घंटेचा एक ठोका, त्या घरातलं कोणीतरी उभं राहायचं. अकरा नावं झाली. बारावी ओळ आली आणि मेजर थांबले. हातातला कागद जुना होता, त्यावर ह्या ओळीत एकच नाव होतं. त्यांनी कागद मिटून खिशात घातला. भोंग्याचं नाव घेतलं. घंटा वाजली. काका-काकू उभे राहिले. मग मेजरांनी दादाचं नाव घेतलं. आडनावापाशी त्यांचा आवाज फाटला, त्यांनी ते पुन्हा घेतलं, नीट. ताई उठली. घंटा वाजायला वेळ लागला, घंटा ओढणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग ठोका पडला.

मागच्या बाजूला तिघे-चौघे उठून बाहेर गेले. त्यांना पटलं नव्हतं. त्यांतल्या एकाचा भाऊ सतरावं नाव होता, आणि तो पलीकडच्यांच्या हातून हाल होऊन गेला होता. त्याला दोष देणं ताईला जमलं नाही.

प्रार्थनेत क्षमेची ओळ आली. ती शेजारीच असल्यामुळे तिला काकांचे ओठ दिसत नव्हते, पण कान तिकडेच होते. काका ती ओळ बोलले नाहीत. नुसता श्वास ऐकू आला, जड.

उपासनेनंतर लोक पांगले. मेजर टोपी घालून निघाले. फाटकापर्यंत काका त्यांच्या मागे गेले, तिथे थांबले आणि परत आले. त्यांना काय म्हणायचं होतं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ताई आवारातल्या कट्ट्यावर बसली होती. काका येऊन उभे राहिले.

"त्या पत्रात," ते म्हणाले, "त्या पोराचं नाव नाही लिहिलेलं. जो हाका मारत होता."

"स्वयंपाक्याला कळलं नसणार, काका. विचारायला वेळच कुठे होता."

"आईला हाका मारत होता म्हणे."

"हो."

काकांनी रस्त्याकडे बघितलं. "म्हणजे तिकडे कुठेतरी ती असेल. तिला हे कोणी सांगितलं असेल का, की शेवटी त्याला कोणीतरी उचलून घेतलं होतं?"

"नसेल सांगितलं."

"हं." त्यांनी पायानं एक खडा बाजूला सारला. "पाळकांना म्हणावं, पुढच्या रविवारी तिच्यासाठी प्रार्थनेत काहीतरी घ्या. मला नाही बोलता यायचं. माझ्या तोंडून नाही निघायचं ते अजून. तू सांगशील?"

"सांगते," ताई म्हणाली, आणि पाळक दाराला कुलूप लावत होते तिकडे निघाली.